वाडीतली केळी

आम्हां वसईकरांना रिकाम्या हाताने कुणाकडे जाणे ठाऊकच नाही. आजाऱ्याच्या भेटीला जावो की लेकीच्या घरी, पिशवीत वाडीतल्या केळ्यांची एखादी फणी असायचीच. म्हणूनच १९९४ सालच्या नाताळानंतर धर्मग्रामातील आम्ही काही कुटुंबांनी कर्नाळ्याच्या पक्षी अभयारण्यात सहल काढली, तेव्हा बसमध्ये राजेळी केळ्यांचे दोन घड चढले याचे कुणाला नवल वाटले नाही.

पनवेल सोडल्यावर दहा-बारा किलोमीटरवर मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्यातूनच जातो. झाडी दाट झाली आणि कठड्यावर माकडे दिसू लागली. मुलांनी एकच गलका केला. ड्रायव्हरने बस हळू केली आणि आम्ही खिडक्यांतून केळी टाकू लागलो. एक माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन पुढे आली, तेव्हा तिच्यासाठी खास दोन केळी नेमून टाकण्यात आली. भुकेल्यांना अन्न देणे हे दयेचे कृत्य म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही पाठ केले होते; मुलांसमोर त्याचे प्रात्यक्षिक घडत आहे, अशीच आमची भावना होती.

पुढचा दिवस कसा गेला हे सांगण्यासारखे नाही. टेपरेकॉर्डर लावला होता, अंताक्षरी झाली, सोबत आणलेले सारपोतेल संपले. पक्षी मात्र एकही दिसला नाही. ‘नावाचेच पक्षी अभयारण्य’ असा शेरा मारून आम्ही परतीला लागलो. प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर नियम लिहिलेले होते. ते आम्ही जाताना वाचले नाहीत आणि येतानाही नाही.

सकाळच्याच वळणावर बस थांबली. पुढे वाहने खोळंबली होती. रस्त्यावर माकडाचे एक पिल्लू चिरडून पडले होते. त्याची आई त्याला हाताला धरून कडेला ओढत होती. वाहन जवळ आले की सोडून पळे, पुन्हा येई. आजूबाजूला केळ्यांच्या साली पडल्या होत्या. राजेळीची जाड साल आम्हांला लांबूनही ओळखू येते. ते पिल्लू सकाळचेच होते की दुसरे, हे आम्ही एकमेकांना विचारले नाही.

वनखात्याचा एक पहारेकरी काठीने वाहने थोपवीत होता. तो रागावला नाही. ‘काका,’ तो म्हणाला, ‘गाड्यांतून खाऊ मिळतो म्हणून ही कठड्यावर येऊन बसतात. आत जंगलात त्यांना काय कमी आहे?’

त्या प्रश्नाने आमच्या दयेच्या कृत्याचा आधारच काढून घेतला. माकड भुकेले नव्हतेच. उंबर, करवंदे, कोवळी पाने, किडे हे त्याचे अन्न. ते शोधत रानभर हिंडताना फळांच्या बिया दूरवर पडतात आणि त्यांतून झाडे उगवतात. आयता खाऊ मिळाला की हे हिंडणे थांबते, कळपात भांडणे लागतात, आणि खाऊ न देणाऱ्याच्या हातातली पिशवी ओढली जाते. मग आपणच त्यांना चोर ठरवतो.

कर्नाळ्याचे अभयारण्य १९६८ साली जाहीर झाले, तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचे होते. २००३ मध्ये वाढून ते सुमारे बारा झाले. एवढ्याशा जागेत त्यांचे सारे जग, आणि त्याच्या मधून महामार्ग. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यात प्राण्यांना छेडण्यास व कचरा टाकण्यास मनाई केली आहे. पण प्रेमाने टाकलेले केळे म्हणजेही एक प्रकारची छेडच, हे आमच्या ध्यानी यायला ते वळण लागले.

गेल्या जानेवारीत नातवंडांना घेऊन आम्ही पुन्हा गेलो. प्रवेशद्वारापाशी पिशव्या तपासून प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजल्या गेल्या आणि अनामत रक्कम घेतली गेली. आमच्यातल्या एकाला ते अपमानास्पद वाटले. आम्हांला वाटले, १९९४ मध्ये कुणी आमच्या पिशव्या अशा पाहिल्या असत्या तर! सुनेने निघताना लावलेले अत्तर रुमालाने पुसून काढले, कारण किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोहोळे असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा त्यांना खपत नाही. सुळक्यापर्यंत आम्ही गेलोही नाही. गुडघ्यांचा तो निर्णय होता.

पायवाटेच्या कडेला एका दगडावर बसलो. मिस्सा सुरू होण्यापूर्वी देवळात बसतात तसे. मुले दहा मिनिटे चुळबुळली आणि मग आपोआप गप्प झाली. वाळल्या पानांत काहीतरी खसखसले. एक भृंगराज शेपटीची दोन लांब पिसे मिरवीत समोरच्या फांदीवर आला व निरनिराळ्या पक्ष्यांचे आवाज काढू लागला. धाकटीने आमचा हात घट्ट धरला, पण ती ओरडली नाही. वाटेत तिला एक पीस सापडले होते. ते ‘इथलेच आहे’ म्हणून तिने होते तिथे ठेवले. आम्ही सांगितले नव्हते.

केळी या वेळीही होती. सवय जात नाही. बाटल्या मोजून दाखवल्या, अनामत परत घेतली आणि निघालो. त्या वळणावर कठड्यावर माकडे ओळीने बसली होती. काचा वर होत्या. एक माकडीण उठून उभी राहिली आणि थेट आमच्याकडे पाहू लागली. धाकटीच्या हातात अर्धे सोललेले केळे होते. तिने आमच्याकडे पाहिले, केळे पदराआड धरल्यासारखे फ्रॉकच्या घेरात लपवले आणि पनवेल येईपर्यंत खाल्ले नाही.