उणे पाच

मी ड्रायव्हर लिहितो असे सांगितले, की आमच्या आत्याबाई अजूनही विचारतात, "म्हणजे एस.टी.त का रे?" यांना काय सांगणार! संगणकाच्या अगदी गाभ्यात बसून एखाद्या यंत्राशी बोलणारा प्रोग्रॅम, तो ड्रायव्हर. वरून कुणी काही विचारले की यंत्राकडून उत्तर आणून द्यायचे, हे त्याचे काम. काम झाले तर शून्य द्यायचे, फसले तर उणे आकडा, ही लिनक्सच्या गाभ्यातली रीत. (शून्य मिळाले म्हणून शाबासकी देणारी ही एकच शाळा!) आकड्यांचे अर्थही ठरलेले. उणे पाच म्हणजे यंत्राशी देवघेव झाली नाही, उणे बारा म्हणजे मेमरीत जागा नाही, उणे एकोणीस म्हणजे यंत्रच जागेवर नाही.

चिकलठाण्याच्या एका लहानशा कारखान्यात आम्ही औषधांच्या फ्रिजसाठी तापमापक करीत होतो. ड्रायव्हर माझा. दोन ओळी वाचाव्यात म्हणून मी उत्तरादाखल थेट तापमानच परत केले. नव्याने लागलेल्या मुलीने विचारले, "सर, तापमान शून्याखाली गेले तर?" मी म्हणालो, "आपल्या छत्रपती संभाजीनगरात?" सगळे हसले. तीही हसली बिचारी.

मे महिन्यातल्या एका रविवारी गुलमंडीजवळच्या औषधवाल्या काकांचा फोन आला. रात्री तीन तास फ्रिज उणे पाचावर होता, अशी आमच्या यंत्राची नोंद. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत ठेवायचे असते. एकदा गोठले, की वितळल्यावरही वापरायचे नाही. "दिसायला ठीक आहे हो," काका म्हणाले, "पण लोकांच्या जिवाशी कसा खेळू? सगळे बाजूला काढले." आमच्या आईचे इन्सुलिन त्यांच्याकडूनच येते.

जाऊन पाहतो तो फ्रिज चार अंशांवर सुखरूप. तापमापकाची तार तेवढी सैल होती. देवघेव होईना म्हणून माझ्या ड्रायव्हरने इमानाने उणे पाच कळवले, आणि वरच्या प्रोग्रॅमने ते अंश समजून लिहून घेतले! मालाचे पैसे मी तीन हप्त्यांत फेडले. ती मुलगी मात्र एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

आता माझे फंक्शन काम झाले की नाही एवढेच सांगते. अंश विचारणाऱ्याने दिलेल्या वेगळ्या जागेत ठेवते. गाभ्यातले तापमानाचे ड्रायव्हर पहिल्यापासून असेच चालतात, मीच दीडशहाणा. मग जुने लिखाण उपसले, तर कंटाळ्याने जागोजागी 'उणे एक' ठोकलेले. त्याचा ठरलेला अर्थ 'परवानगी नाही'. तुटलेल्या तारेला कसली परवानगी!

त्या रात्री जेवताना आईला विचारले, "साखर किती आली?"

"बरी आहे."

"बरी की वाईट ते मी बघतो. आकडा सांग."

आईने आमटी वाढली. मग हळूच म्हणाली, "मशीनची बॅटरी संपलीय. चार दिवस झाले."