नितळ पाण्याची बाटली

आमच्या नानांनी पांढरी फुटलेली जमीन पाण्यानं धुऊन काढायचं ठरवलं, तेव्हा मी सातवीत होते. देवळाली प्रवरात पाटाच्या खालच्या अंगाला आमचा दीड एकराचा तुकडा होता. उन्हाळा लागला की त्यावर मिठासारखा पापुद्रा यायचा. चालताना पायाखाली करकर वाजायचा. ऊस तिथं गुडघ्याच्या वर कधी गेलाच नाही. नानांनी बांध धरले, वाफे पाडले आणि आवर्तन आलं की शेत तुडुंब भरून ठेवायला सुरुवात केली. दोन-तीन आवर्तनांत पांढरं गेलं. काळीभोर जमीन दिसायला लागली. त्या दिवशी नाना बांधावर किती वेळ उभे होते, ते अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढच्या हंगामात तिथं औत चालेना. ओली असली की माती मेणासारखी चिकटायची, वाळली की ढेकळं कुदळीनं फुटायची नाहीत. पाणी दिलं तर दोन-दोन दिवस वरच तुंबून राहायचं, वाफसा म्हणून येतच नव्हता. “पाण्यातून काहीतरी आलं,” असं नाना शेवटपर्यंत म्हणत राहिले.

मी इथंच शाळेत विज्ञान शिकवते. आठवीच्या वर्गाला खडक, माती, आम्ल आणि आम्लारी हे धडे शिकवताना एका पावसाळ्यात मुलांना सांगितलं, घरून मूठभर माती आणि एक काचेची बाटली आणा. माळाची मुरमाड आली, नदीकाठची पोयट्याची आली, उसाच्या शेतातली काळी आली. एका मुलानं पांढरा पापुद्रा असलेली माती आणली. तो ती बाटली पिशवीतून काढायलाही तयार नव्हता. “मॅडम, आमची खराब माती आहे,” म्हणाला.

सगळ्या बाटल्यांत शाळेच्या पत्र्यावरून धरलेलं पावसाचं पाणी घातलं, हलवलं आणि खिडकीत ओळीनं ठेवल्या. वाळू लगेच खाली बसते, मग पोयटा, आणि चिकणमातीचे बारीक कण सगळ्यात शेवटी. हे पुस्तकात आहे, तसंच झालं. फक्त एक गोष्ट कोणालाच अपेक्षित नव्हती. सगळ्यांत आधी निवळली ती त्या खराब मातीची बाटली. पाणी असं नितळ, की पलीकडचं पिंपळाचं झाड त्यातून दिसत होतं.

मुलं म्हणाली, मग ही माती चांगलीच की! मलाही नीट उत्तर देता येईना. मी त्या मुलाला म्हटलं, वरचं नितळ पाणी ओतून टाक, तेवढंच पावसाचं पाणी परत घाल, हलव आणि ठेव. असं तो रोज करत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी वर्गात गेले तर तो बाटलीपाशी उभा. पाणी गढूळ. दुपारी गढूळ. दुसऱ्या दिवशीही चहासारखं गढूळच. हळदीत बुडवून वाळवलेला कागद पहिल्या दिवशी त्या पाण्यात पिवळाच राहिला होता, आता तो फिकट तांबूस झाला. हळद आम्लारीत लाल होते. म्हणजे क्षार धुऊन गेले आणि मातीचा सामू उलट वाढला.

त्या खिडकीशी मला नानांचं शेत दिसलं.

यामागचं रसायन अवघड नाही. चिकणमातीचा कण म्हणजे सूक्ष्म पापुद्रा, त्याच्या अंगावर ऋण भार असतो. तो भार भागवायला कॅल्शियम, सोडियम असे धन आयन त्याला चिकटतात. कॅल्शियमवर दोन भार, तो शेजारशेजारच्या पापुद्र्यांना जवळ धरतो. त्यांचे पुंजके होतात, पुंजक्यांमधून हवा-पाणी खेळतं. सोडियमवर एकच भार, आणि तो स्वतःभोवती पाणी गोळा करून बसतो, त्यामुळे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. सुटलेले कण खाली बसत नाहीत, शेतात ते भेगा आणि छिद्रं बुजवतात. हीच चोपण जमीन. मात्र पाण्यात क्षार भरपूर असले, तर सोडियम असूनही कण पुंजक्यात राहतात. म्हणून पहिल्या दिवशी बाटली नितळ होती. क्षार धुतले, कणांवरचा सोडियम तसाच राहिला, आणि माती विस्कटली.

आमच्या पाटाला पाणी येतं भंडारदऱ्याचं. १९२६ साली पुऱ्या झालेल्या त्या धरणातून प्रवरेत, ओझरच्या बंधाऱ्यापाशी उजव्या कालव्यात. म्हणजे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच तो. त्यात क्षार अगदी थोडे. नाना म्हणायचे पाण्यातून काहीतरी आलं. पाण्यात काही नव्हतं, म्हणूनच जमीन आवळली.

हा सोडियम आला कुठून, हे मुलांनी विचारलंच. तो खडकातून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा बेसाल्ट आपल्या पायाखाली आहे, त्यातल्या फेल्डस्पार खनिजात कॅल्शियमही असतो, सोडियमही. खडक कुजून काळी माती झाली. जिथं पाऊस धो-धो पडतो तिथं मोकळे झालेले क्षार वाहून जातात. आमचा राहुरी तालुका पर्जन्यछायेत, इथं ते जमिनीतच राहिले. खोल होते तोवर त्रास नव्हता. कालव्याचं बारमाही पाणी आलं, भूजल वर आलं, निचरा नव्हता. उन्हानं पाणी उडालं आणि क्षार वर राहिले, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसे चढून आलेले.

पुढचा प्रश्न खराब माती आणणाऱ्या त्या मुलानंच विचारला, आणि इतक्या वर्षांत माझ्या वर्गात आलेला तो सर्वांत चांगला प्रश्न आहे. “मॅडम, आमच्या शेतात चुनखडीचे खडे आहेत. लिंबू पिळलं की फसफसतात. चुनखडीत कॅल्शियम असतो ना? मग आमच्या मातीला तो मिळत का नाही?”

आम्ही गढूळ पाणी तीन बाटल्यांत वाटलं. एकीत काही घातलं नाही. दुसरीत कुटलेली चुनखडी, तिसरीत चिमूटभर जिप्सम. हलवून ठेवलं. मधली सुट्टी संपेस्तोवर जिप्समच्या बाटलीत कापसासारखे पुंजके दिसायला लागले आणि शाळा सुटायच्या आत वरचं पाणी स्वच्छ झालं. बाकीच्या दोन्ही गढूळच. घरात गढूळ पाण्यात तुरटी फिरवतात, तेव्हाही हेच होतं, तिथं काम करणाऱ्या ॲल्युमिनियमवर तीन भार असतात. चुनखडीचं म्हणाल, तर ती आम्लात फसफसून विरते, पण नुसत्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जिप्सममध्येही कॅल्शियमच असतो, पण ते लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमच्या आसपास विरघळतं, तेवढं पुरतं. शेणखत आणि ताग-धैंचा गाडल्यावर ते कुजताना कार्बन डायऑक्साइड आणि सेंद्रिय आम्लं तयार होतात, त्यांनी मात्र शेतातलीच चुनखडी थोडी थोडी कामाला लागते. आपले जुने लोक खारवट रानात ताग करायचे, त्याला असा आधार आहे.

त्या मुलानं तिन्ही बाटल्या घरी नेल्या आणि आजोबांपुढे मांडल्या. आठवड्यानं आजोबा शाळेत आले. त्यांनी मला एकच विचारलं, “बाई, आधी पाणी का आधी जिप्सम?”

नानांना हा प्रश्न विचारायला कोणी मिळालं नव्हतं. म्हणून आजोबांना दिलेलं उत्तर इथं जसंच्या तसं लिहिते. शेतात पांढरं फुटलं की लगेच पाणी भरू नका. आधी मातीचा नमुना तपासून घ्या. सामू आणि क्षारता तर पाहाच, पण विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या धन आयनांत सोडियम किती टक्के, तेही मोजायला सांगा. तो १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपणाची सुरुवात झाली आहे. मग निचऱ्याचे चर काढा, कारण जिप्सममधल्या कॅल्शियमनं जागा घेतल्यावर सुटलेला सोडियम बाहेर जायला वाट हवी. अहवालात सांगितलं असेल तेवढं जिप्सम शेणखतासोबत वरच्या थरात मिसळा. पाणी त्याच्यानंतर.