सुई केव्हां बदलावी?

शिवणयंत्राची सुई केव्हां बदलावी, असें कोणी विचारलें, तर आपल्याकडील बहुतेक घरांत "मोडली म्हणजे" असेंच उत्तर मिळेल. काटकसरीच्या घरांत वाढलेल्या माणसाला तें शोभूनही दिसतें. जी वस्तु अखंड आहे ती टाकून द्यावी, हें आपल्या मनाला पटत नाहीं. माझ्या आईच्या डब्यांत जुन्या सुया फ्लॅनेलच्या तुकड्यांत खोंचून ठेवलेल्या असत, आणि त्यांतील एकीलाही तिनें कधीं रजा दिल्याचें मला आठवत नाहीं. तरीसुद्धां इतकीं वर्षें शिवणाच्या वर्गांत जें पाहिलें, त्यावरून हें उत्तर महागांत पडणारें आहे, असें मला म्हणावेंसें वाटतें.

वर्गांत एखादी मुलगी वॉइलवर टीप मारीत असते. चार टांके नीट पडतात, पांचवा सुटतो. ती उसवते, पुन्हा टीप मारते, पुन्हा तेंच. मग ती दोरा बदलते, बॉबिन काढून नव्यानें भरते, ताण कमीजास्त करून पाहते, आणि शेवटीं मान खालीं घालून म्हणते, "बाई, माझ्या हाताला वळणच नाहीं." हें वाक्य तिचें नसतें, घरीं कोणीतरी तें तिला ऐकविलेलें असतें. दोन वर्षांपूर्वीं आठवींतील एका मुलीला घरच्यांनीं शिवणाचा नाद सोडावयास सांगितलें, कारण धाकट्या बहिणीच्या झग्याचें कापड तिच्या हातून दोनदां बिघडलें होतें. घरच्या यंत्राची सुई तिनें कागदांत गुंडाळून मजकडे आणली. टोंक वळून त्याला अगदीं बारीक आंकडी आली होती. अंगठ्याच्या नखावरून ओढतांच ओरखडा उठला. डोळ्यांना मात्र ती सुई नव्यासारखी दिसत होती. कांहीं रुपयांच्या त्या वस्तूचा दोष मुलीच्या माथीं बसला होता.

असें कां होतें, तें सुईच्या घडणीवरून कळतें. हातशिवणीच्या सुईचें नेढें मागें असतें, यंत्राच्या सुईचें टोंकाजवळ. एलियस हाउ यांनीं १८४६ सालीं अमेरिकेंत ज्या यंत्राचें पेटंट घेतलें, त्यांतही सुई अशीच होती. सुई कापडांतून खालीं जाऊन वर येऊं लागली, कीं तिच्या पाठीमागें दोऱ्याचा लहानसा फांस तयार होतो. खालचा आंकडा नेमका त्या फांसांत शिरतो आणि वरच्या दोऱ्याला बॉबिनच्या दोऱ्याभोंवतीं गुंतवितो. सगळा खेळ केसाएवढ्या अंतराचा आहे. सुई किंचित् वांकली, तर आंकडा फांसाच्या शेजारून निघून जातो आणि टांका सुटतो.

बोथट सुई मोडण्याच्या पुष्कळ आधीं बोलूं लागते. कापडांत शिरतांना टक्-टक् असा आवाज येतो. टिपेच्या बाजूला तलम कापडाचे धागे ओढले जातात. दोरा नेढ्यापाशीं पिंजतो. सगळाच दोष सुईचा असतो असें नव्हे. ती उलटी बसविली किंवा पुरती वर सारली नाहीं, तरीही टांके सुटतात. पण तपासणीचा आरंभ सुईपासून करणें सर्वांत स्वस्त. सुईची चपटी बाजू कांचेवर टेकवून खालची फट पाहावी. ती टोंकापर्यंत सारखी नसेल, तर सुई वांकली आहे.

साधारणपणें आठ तास शिवण झालें कीं सुई बदलावी, असें जाणते लोक सांगतात. शिंप्याचे आठ तास एका दिवसांत भरतात, घरच्या यंत्राचे कित्येक महिन्यांत. म्हणून येथें दिनदर्शिका उपयोगी नाहीं. कृत्रिम धाग्याच्या कापडानें सुई लवकर झिजते. क्रमांकही पाहावा : तलम कापडाला ११, मध्यमाला १४, जाड्याभरड्याला १६ किंवा १८. पुडीवर १४ च्या जोडीला ९० हा आंकडा असतो. तो सुईची जाडी ०.९० मिलिमीटर असल्याचें सांगतो. होजियरीला गोल टोंकाची सुई लागते, नाहींतर विणीचे धागे तुटतात.

यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनीं १९२४ सालीं सिंगरच्या शिवणयंत्राचा मात्र अपवाद केला होता. पत्नीचे श्रम वांचावेत या प्रेमांतून तें निघालें, असें ते मानीत. बोथट सुई तेच श्रम उसवण्याच्या रूपानें परत आणते.

त्या मुलीनें नव्या सुईनें झगा पुरा केला. काखेंतली टीप जराशी वांकडी होती, आणि ती खरोखरच तिच्या हाताची होती. ती आम्हीं उसवून पुन्हा घातली.

उतरलेल्या सुया कचऱ्यांत टाकूं नयेत. झाडणाऱ्या बाईच्या हाताला त्या लागतात. वर्गांत त्यांसाठीं औषधाची एक रिकामी बाटली ठेवली आहे. चालत्या यंत्रावर सुई मोडलीच, तर सर्व तुकडे सांपडल्याशिवाय मी दुसरी देत नाहीं. तयार कपड्यांच्या कारखान्यांतही असाच दंडक असतो, कारण हरवलेलें टोंक कोणाच्या तरी झबल्याच्या शिवणींत निघावयाचें. मुलींना हा नियम जाचक वाटतो. जमिनीवर गुडघे टेकून, लोहचुंबक फिरवीत त्या कुरकुरतात. पण तुकडे शोधून काढतात.