सिंदेवाहीहून, सहकुटुंब

फर्माइशी गाणी लागली की माय मला रेडिओचा आवाज वाढवायला सांगायची. ती ऐकायची गाण्याआधीची नावं. मांडीवर सूप, त्यात तांदूळ. ओळखीचं नाव आलं की तिचा हात तिथेच थांबायचा. चंद्रपूरच्या बाबूपेठेतलं आमचं दोन खोल्यांचं घर, बाबा कोळसा खाणीत पाळीवर. सेल उतरले की मी ते अंगणात उन्हात मांडून ठेवायचो, तेवढ्याने आणखी एखादा दिवस निघायचा.

विविध भारतीवर झुमरी तलैया गाजत होतं. आम्ही कान टवकारायचो ते नागपूर केंद्रावर आपल्याकडची गावं आली की. बल्लारपूर, राजुरा, मूल, नागभीड, वडसा. ऐकून ऐकून नावं पाठ झाली. कुणी आडनावाच्या जागी ‘प्यासा’ लावायचा, कुणी ‘परदेसी’. ते नाव त्याने स्वतः निवडलेलं असायचं, म्हणून मला ते आडनावापेक्षा खरं वाटे. 26 ऑगस्ट 1982ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला आणि वडशाच्या मंडळींच्या पत्त्यात नवा जिल्हा आला. नावं तीच. जिल्हा बदलला म्हणून आमच्यासाठी कुणी परकं झालं नाही.

सगळ्यांत जवळचे सिंदेवाहीचे मास्तर. आधी त्यांचं नाव, मग बाईंचं, मग तीन मुलींचं. एकदा चौथं नाव आलं तेव्हा माय म्हणाली, “पोरगा झाला वाटते मास्तरले.” काही वर्षांनी थोरलीचं नाव गळलं. “लगन झालं असन पोरीचं.” पुढे वडशाहून तेच नाव आलं, आडनाव नवं, फर्माइश मात्र मास्तरांच्याच आवडीच्या गाण्याची. ती तीच कशावरून? आमच्या घरात कुणी विचारलं नाही. माय दिवसभर खुशीत होती.

मग मीही 15 पैशांची कार्डं आणून लिहायला लागलो. मायचं नाव पहिलं. बरीच कार्डं गेल्यावर एका दुपारी निवेदिकेने आमचं आडनाव किंचित अडखळत घेतलं. मायने सूप बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि म्हणाली, “आता मास्तरनं आपलं नाव आयकलं असन.”

एकदा चांदा फोर्टवरून छोट्या लाईनच्या गाडीने आम्ही वडशाला चाललो होतो, मामेबहिणीच्या लग्नाला. ती लाईन आता ब्रॉडगेज झाली. सिंदेवाहीला गाडी थांबली तेव्हा माय खिडकीतून फलाटावरच्या प्रत्येक चष्मेवाल्या माणसाकडे पाहत राहिली. आवाज देणार तरी कुणाला? चेहरा ठाऊक नव्हता. गाडी हलली तशी ती मागच्या फलाटाकडे मान वळवून बसली.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मास्तरांच्या कार्डात बाईंचं नाव आलं नाही. मला वाटलं, निवेदिकेच्या नजरेतून सुटलं असेल. पुढच्या वेळीही नव्हतं. मास्तर, दोन मुली, मुलगा, गाणं तेच. मायने सुपातला खडा वेचला, तो बोटांत धरूनच बसली. संध्याकाळी मला म्हणाली, “कार्ड लिही. मास्तरचंच गाणं माग.”

मी नेहमीप्रमाणे सगळ्यांची नावं लिहायला घेतली.

“माझं एकलीचंच लिही,” ती म्हणाली. “त्याले समजन.”