नुर्बुर्गरिंगची वाट

जर्मनींतील आयफेल डोंगरांत, नुर्बुर्गच्या पडक्या किल्ल्याभोंवतीं, १९२७ सालीं खुली झालेली ही शर्यतीची वाट सुमारें २०.८ किलोमीटर लांब आहे. एका वळणावर ऊन, तर दुसऱ्यावर पाऊस! कुंपणाशीं उभे राहून आम्हीं घटकाभर गाड्या पाहिल्या.

वेगानें वळतांना पुढच्या चाकांची पकड आधीं सुटली, तर चाकें वळवूनही गाडी बाहेरच्या अंगास जाऊं पाहते, हें ‘अंडरस्टीअर’. तेथें स्टीअरिंग आणखी पिळणें व्यर्थ. वेग अलगद उतरवावा. मागचीं चाकें आधीं सुटलीं, तर गाडीचें शेपूट फिरतें, तें ‘ओव्हरस्टीअर’. शेपूट जाईल तिकडे स्टीअरिंग तत्काळ वळवावें लागतें. घाबरून ब्रेक दाबणारा बहुधा गिरकीच खातो. सामान्य चालकाला पहिला दोष त्यांतल्या त्यांत सोसतो, म्हणून घरगुती गाड्यांत तो थोडा मुद्दाम ठेवतात. पाठीमागें अवजड यंत्र असलेली, शेपूट सोडणारी आउटो-उनियोन घेऊन १९३६ सालीं दाट धुक्यांत येथें जिंकणारा रोझमायर आम्हांस म्हणूनच अचाट वाटतो.

१ ऑगस्ट १९७६ रोजीं लाउडा येथेंच होरपळला; फॉर्म्युला-वनची शर्यत या लांब वाटेवर पुन्हा झाली नाहीं.

जांवईबापूंना स्वतःची गाडी आंत घालावयाची होती. रस्ता ओला झाला होता. आम्ही कांहींच बोललों नाहीं. त्यांनीं किल्ली खिशांत टाकली, आणि आम्ही दोघे किल्ला चढूं लागलों.