पुरात गेलेली गाडी आणि विम्याचे कागद

२२ जुलै २०२१. चिपळूणात पाऊस ही काही बातमी नसते. आमच्याकडची मोठी माणसं २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून होती. तेव्हा पाणी ओट्यापर्यंत येऊन थांबलं होतं. यावेळी पहाटे ती खूण बुडाली आणि पाणी चढतच राहिलं. आम्ही वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. वीज नाही, मोबाईलला रेंज नाही. खाली अंगणात गाडी डॅशबोर्डच्या वर बुडालेली दिसत होती.

पाणी ओसरल्यावर घरात घोटाभर गाळ होता. सगळे फावडी घेऊन धावले, पण पुतण्या म्हणाला, आधी फोटो काढू. ते फार उपयोगी पडलं. भिंतीवरची पाण्याची रेघ, गाडीच्या आतला चिखल, नंबरप्लेट, आडवा पडलेला फ्रीज, सगळं त्याने टिपलं. फ्रीज गेला त्याचं काही वाटलं नाही. गाळाने भरलेला मसाल्याचा डबा बघून मात्र बायकोला रडू आलं.

गॅरेजवाल्याने बजावलं होतं, चावी फिरवू नका, बॅटरीची वायर काढून ठेवा. शेजारच्यांनी मात्र घाईघाईत गाडी चालू करून पाहिली. इंजिनात पाणी होतं, ते जागीच लॉक झालं. फुल इन्शुरन्स असूनही इंजिनाचे पैसे मिळाले नाहीत. पुरात बुडाल्याचं नुकसान विम्यात येतं, पण पाणी शिरल्यावर गाडी चालू केल्याने झालेलं येत नाही. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ नावाचं वेगळं कव्हर घ्यावं लागतं, आणि त्याच्याही अटी असतात.

रेंज आल्यावर कंपनीला फोन करून क्लेम नंबर घेतला. गाडी टोचन करून गॅरेजला नेली. गावातल्या शेकडो गाड्या एकदमच रांगेत, त्यामुळे सर्व्हेअर यायला वेळ लागला. तो आला तेव्हा मला उगीचच चोरी पकडल्यासारखं वाटत होतं. माणूस बरा होता. पण कंपनीकडून निरोप आला की दुरुस्ती न करता ठरावीक रक्कम घ्या आणि गाडी तुम्हीच ठेवा. रक्कम कमी होती. हातात पैसे नव्हते, मोह झाला.

पॉलिसी वाचून काढली, तर त्यात स्पष्ट लिहिलं होतं: दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीवर छापलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी ‘टोटल लॉस’ धरायची. गॅरेजचं लेखी एस्टिमेट त्याच्या वर जात होतं. ते ईमेलने पाठवलं आणि उत्तरही लेखीच मागितलं. मग कंपनी आयडीव्ही द्यायला कबूल झाली. सक्तीची वजावट म्हणून १,००० रुपये कापले; १५०० सीसीच्या वरच्या गाडीला ते २,००० असतात. गाडीवर कर्ज होतं, म्हणून पैसे आधी बँकेकडे गेले, उरलेले आम्हाला.

पुतण्याच्या स्कूटरला काहीच मिळालं नाही. त्याचं म्हणणं, माझा तर पाच वर्षांचा विमा आहे! तो होता थर्ड पार्टीचा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढावा लागतो. त्यातून दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं, आपलं नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग त्याच्या पॉलिसीत एकाच वर्षाचा होता आणि तो केव्हाच संपला होता. आपापल्या पॉलिसीवर दोन तारखा आहेत का ते बघा.

घराची गोष्ट आणखी वेगळी. गृहकर्ज देताना बँकेने विमा काढायला लावला होता, पण त्यात फक्त इमारत होती. गिलावा, फरशी, भिंतीतलं वायरिंग यांचे पैसे मिळाले. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत तिथे कामी आली. फ्रीज, कपाट, गाद्या यांना कवडीही नाही. बँक आपल्या कर्जापुरतं बघते, आपल्या कपाटाचं नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी सगळ्या कंपन्यांकडे मिळते. तिच्यात इमारतीच्या विम्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरसामान आपोआप धरलेलं असतं. आम्ही पुढच्या वर्षी तीच घेतली.

झाशीकडे गरौठ्याला नोकरीला असलेला माझा आतेभाऊ अलीकडेच विचारत होता, कंपनीने ऐकलंच नाही तर काय करायचं? त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जायचं. कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत मात्र जायला हवं. आम्हा चिपळूणकरांना पुण्याचं कार्यालय, त्याला लखनौचं. तिथे फी लागत नाही, आणि वकीलही लागत नाही.