नानांच्या वहीतले दिवस

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागायच्या आदल्या आठवड्यात मी पुण्याहून गावी, बीड जिल्ह्यातल्या तलवाड्याला आलो. एप्रिलमध्ये सरकारने परवानगी दिली आणि कारखान्यांच्या तळांवर अडकलेली ऊसतोडीची माणसंही परतली. त्वरितादेवीच्या या गावात एरवी नवरात्रात असते तशी माणसं त्या उन्हाळ्यात दिसत होती, फक्त सगळी दारं लावून बसलेली.

माझं काम भाषांतराचं. घरी रेंज नव्हती, फाइल पाठवायला गच्चीवर चढावं लागे. जूनमध्ये एका दुपारी नाना मास्तरांनी खालून हाक मारली, "उन्हात काय करायलास? माझ्या माडीवर येऊन बस की. लाईट गेली तरी पंखा चालतोय."

नाना निवृत्त शिक्षक, आमच्या भावकीतले नव्हेत. माडीवर बंद पडलेल्या शिकवणीची चार लोखंडी टेबलं, इन्व्हर्टर आणि वायरचं इंटरनेट. तोंडाला रुमाल बांधून आधी तिथे तिघं बसलेली: स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा, दुकानांची जीएसटीची बिलं भरणारी बी.कॉम.ची मुलगी आणि सेवा केंद्रात अर्ज भरणारा एक जण.

पहिला महिना झाल्यावर मी पाचशेची नोट पुढे केली. पुण्यात को-वर्किंगच्या जागेत मी खुर्चीचं भाडं दरमहा मुकाट्याने भरत होतो आणि दोन वर्षांत शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नावही मला कळलं नव्हतं. ब्रॅड न्यूबर्ग याने २००५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अशी पहिली जागा आठवड्यातून दोनच दिवस उघडली, ती एकट्याने काम करणाऱ्यांना सोबत मिळावी म्हणून. आमच्याकडे सोबतीचा भाग कधी गळून गेला कोण जाणे.

नानांनी नोट परत माझ्या खिशात घातली. "वारंगुळा माहीत आहे का?" ऐकून होतो. लाकडी नांगराला काळ्या रानात चार-सहा बैल लागत. एवढे बैल एका दावणीला कुठून असणार? मग आज तुझे बैल माझ्या रानात, उद्या माझे तुझ्या. पैशाचं नाव नाही. बैल गेले, ट्रॅक्टर आले, आणि शब्द म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला. नानांनी शाळेची जुनी हजेरीवही काढली आणि माझं नाव लिहिलं. दर बुधवारी सगळ्यांनी मिळून एकाचं काम करायचं. ज्याचं काम झालं, त्याच्या नावापुढे बाकीच्यांचे दिवस मांडायचे.

पहिला मोठा वारंगुळा जुलैत झाला, पीक विम्याचा. जिन्यावर माणसं सातबारा, आधार, पासबुक आणि पीकपेरा पिशवीत घालून बसलेली. दिवसा संकेतस्थळ अडायचं म्हणून आम्ही रात्री बसायचो. मी गट नंबर मोठ्याने वाचायचो, मुलगी टाइप करायची, परीक्षेचा मुलगा खाते क्रमांक पुन्हा ताडून बघायचा. एक आकडा चुकला तर एखाद्याची भरपाई अडकणार, या धाकाने झोप येत नसे. त्याच खरिपात विम्याचा 'बीड पॅटर्न' सुरू झाला. राज्यभर त्याची चर्चा झाली. मला मात्र आठवतात ती सातबाऱ्याच्या घडीत अडकलेली सरकीची टरफलं.

एप्रिल २०२१ मध्ये वडिलांचा ऑक्सिजन खाली गेला आणि मी त्यांना घेऊन बीडला गेलो. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीची नव्वद पानांची पुस्तिका अर्धी माझ्या लॅपटॉपवर राहिली. मुदत चार दिवसांची होती. लॅपटॉप माडीवरच होता, आणि पासवर्ड कागदावर लिहून टेबलाला चिकटवलेला. मी कामाचं विसरूनच गेलो होतो. पाचव्या दिवशी पुण्याहून निरोप आला, पुस्तिका मिळाली, छान झाली.

वडील सतराव्या दिवशी घरी आले. मग मी ती फाइल उघडली. चौघांनी पानं वाटून घेतली होती. नानांनी शुद्धलेखन पाहिलं होतं. माझ्या हिश्शातही एक दुरुस्ती होती. अळीने आतून जाळी धरलेल्या फुलाला मी 'गुलाबकळीसारखे मिटलेले फूल' असं लिहिलं होतं. मुलीने ते खोडून एकच शब्द लिहिला होता: डोमकळी. तिची आई आयुष्यभर कापूस वेचत आली होती. पंधरा वर्षं भाषांतर करून मला तो शब्द ठाऊक नव्हता.

मी पैसे वाटून द्यायला निघालो तेव्हा नाना पहिल्यांदाच रागावले. वहीत माझ्या नावापुढे सोळा रेघा ओढल्या होत्या. "एकेक दिवस दे," म्हणाले. पुढच्या दोन वर्षांत मी चौदा दिवस दिले. परीक्षेच्या मुलाचे निबंध तपासले, सेवा केंद्राचे अर्ज भरले, नानांची जुनी पत्रं टाइप केली. मुलीचे दोन राहिले; ती लग्न होऊन गोदावरीपलीकडे, अंबड तालुक्यात गेली होती.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "दादा, माझे दोन दिवस बाकी आहेत तुमच्याकडं. बचत गटाचे हिशेब तुंबलेत. चार्जिंग करून या, इथं लाईटचं खरं नाही."

नानांनी वही पिशवीत घालून दिली. गेवराईवरून शहागडचा पूल ओलांडून पोचलो, तर ओसरीवर सतरंजी अंथरलेली, तीन बायका पावत्यांचे गठ्ठे मांडून बसलेल्या. त्यांनी सरकून मला जागा केली.